अनुपस्थिताशी संवाद

समोर कोणी नसताना शिकवता येते काय? प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या व्यक्तीला कधी पाहिले नाही, जिचा आवाज ऐकला नाही, जिच्या घरात दिवा कधी लागतो आणि कधी मालवतो याची कल्पना नाही, तिच्या मनात कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने उमलावी आणि ती उमलली की नाही हे कशावरून ओळखावे, याची संपूर्ण आखणी दुसऱ्या कोणीतरी आगाऊ करून ठेवायची, हे कोणत्या अधिकाराने? वर्गातील शिक्षकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. कारण त्याच्या अधिकाराला समोर बसलेल्या चेहऱ्यांची मूक संमती किंवा मूक हरकत क्षणोक्षणी मिळत असते. दूरस्थ पाठाच्या रचनाकाराला मात्र तो टाळता येत नाही. टाळला, तर त्याची रचना कितीही निर्दोष असली तरी ती शिकवण्याच्या कोटीत बसेलच, असे म्हणता येत नाही.

या प्रश्नाला दिल्लीत एक विशेष संदर्भ आहे. संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९८७ मध्ये प्रत्यक्ष अध्यापनाला आरंभ केला, तेव्हा त्याने दोनच शिक्षणक्रम सुरू केले होते. एक व्यवस्थापनाचा पदविका शिक्षणक्रम आणि दुसरा दूरशिक्षणाचा. पहिल्या वर्षीची विद्यार्थिसंख्या ४,५२८ होती. पुढे लाखोंच्या संख्येत वाढलेल्या या संस्थेच्या इतिहासात तो आकडा लहान दिसतो. परंतु त्या दोहोंपैकी दुसऱ्या शिक्षणक्रमाची निवड अर्थपूर्ण आहे. दुरून शिकवण्याचा उद्योग आरंभताना विद्यापीठाने प्रथम दुरून कसे शिकवावे हेच दुरून शिकवायला घेतले. १९९३ मध्ये याच विद्यापीठात दूरशिक्षणातील प्रशिक्षण व संशोधनासाठी ‘स्ट्राइड’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली, दूरशिक्षणातील एम.ए.चा आणि पुढे ई-अध्ययनातील पदव्युत्तर पदविकेचा शिक्षणक्रमही आला. मेहरौलीच्या दक्षिणेला मैदानगढीत असलेल्या या विद्यापीठाचा विद्यार्थी नोएडातील शाळेत शिकवत असेल, गुरुग्राममधील एखाद्या कंपनीच्या प्रशिक्षण विभागात काम करत असेल किंवा फरीदाबादमधल्या महाविद्यालयात कंत्राटी अध्यापक असेल. दिवसभराचे काम आटोपून रात्री तो पाठरचनेचा पाठ वाचतो. ज्या अनुपस्थित विद्यार्थ्यासाठी रचना कशी करावी हे तो शिकतो, तो अनुपस्थित विद्यार्थी त्या क्षणी तो स्वतःच असतो.

ही दुहेरी अवस्था केवळ योगायोगाची नाही. या विद्येचे मर्म तिच्यात आहे, आणि तिचा धोकाही तिच्यातच आहे.

पाठरचनेचा अभ्यासक प्रथम एक शिस्त शिकतो. ‘काय शिकवायचे’ येथून आरंभ करू नये, ‘शिकल्यानंतर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे’ येथून करावा. ‘समजणे’, ‘जाणणे’, ‘आस्वाद घेणे’ ही क्रियापदे त्याला संशयास्पद मानायला शिकवले जाते, कारण ती बाहेरून तपासता येत नाहीत. त्यांच्या जागी ‘यादी करणे’, ‘तुलना करणे’, ‘उदाहरण देणे’, ‘पडताळणे’ अशी क्रियापदे येतात. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाची छाया या सगळ्यावर आहे. विश्लेषण, रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन अशी जी पाच पायऱ्यांची पद्धत हा अभ्यासक पाठ करतो, तिचे मूळ १९७५ च्या सुमारास अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठात लष्करी प्रशिक्षणासाठी तयार झालेल्या आराखड्यात आहे. सैनिकाला यंत्र खोलता आणि जोडता आले पाहिजे. तेथे ‘समजले काय’ या प्रश्नाला वाव नसतो, ‘जमले काय’ एवढेच पुरते. तो आराखडा इतिहास, तत्त्वज्ञान किंवा कविता यांच्या पाठासाठी वापरला जातो तेव्हा त्याचे मूळ विसरले जाऊ नये, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

तरीही ही शिस्त हिणवण्यासारखी खचितच नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाची शाळा सुरू केली, तेव्हा देशात या कामाला पूर्वानुभवाचा आधार नव्हता. अशा प्रारंभीच्या प्रयोगांमध्ये पत्राने जाणारा पाठ म्हणजे बहुधा वर्गातल्या व्याख्यानाची लेखी आवृत्ती. मुक्त विद्यापीठांनी या कल्पनेत जो पालट केला तो मूलगामी होता. खंड, घटक, उपघटक अशी विभागणी. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे. मध्ये ठिकठिकाणी ‘आपली प्रगती तपासा’ अशा मथळ्याखाली प्रश्न, त्यांच्या उत्तरासाठी मोकळी जागा, आणि घटकाच्या शेवटी त्या उत्तरांचे दिग्दर्शन. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे मराठी वाचकालाही स्वयं-अध्ययन साहित्याचे हे रूप परिचयाचे झाले. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘स्वयम्’ हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच सुरू केला, तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवून दिले गेले: दृक्‌श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, स्वयं-मूल्यमापन आणि शंका-चर्चेसाठीची जागा. कागद गेला आणि पडदा आला. परंतु घटकाच्या मधोमध थांबून विद्यार्थ्याला काही विचारावे, ही जुनी जाणीव कायम राहिली.

या जाणिवेचे मूल्य समजण्यासाठी एका प्राचीन आक्षेपाकडे वळणे आवश्यक आहे. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लेखनाविषयी तक्रार करतो. लिहिलेला शब्द चित्रासारखा असतो. जिवंत भासतो, पण काही विचारले तर मौन पाळतो किंवा तेच ते पुन्हा सांगतो. आपण कोणाशी बोलत आहोत हे त्याला ठाऊक नसते, आणि कोणी चुकीचा अर्थ लावला तर स्वतःचा बचावही त्याला करता येत नाही. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाला हा आक्षेप अधिकच लागू पडतो. पुस्तक निदान आपल्या मौनाविषयी प्रामाणिक असते. पडद्यावरचा अध्यापक मात्र डोळ्यांत डोळे घालून बोलतो, मध्ये थांबतो, ‘लक्षात आले ना?’ असेही विचारतो, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो.

या आक्षेपाला खुद्द प्लेटोनेच एक उत्तर देऊन ठेवले आहे. त्याने लेखनाविरुद्धची ही तक्रार लिहूनच ठेवली आणि ती संवादाच्या रूपात लिहिली. भारतीय शास्त्रपरंपरेने याच अडचणीवर आपला तोडगा शोधला तो पूर्वपक्षाच्या रूपाने. भाष्यकाराच्या समोर आक्षेप घेणारा बसलेला नसतो. तरी भाष्यकार त्याचा आक्षेप आधी मांडतो, तो शक्य तितका बळकट करून मांडतो, आणि मगच सिद्धान्ताकडे जातो. पूर्वपक्ष दुबळा मांडणे हा परंपरेने बौद्धिक दोष मानला. जो येथे नाही आणि स्वतःसाठी बोलू शकत नाही, त्याच्या वतीने प्रामाणिकपणे बोलण्याची ही शिस्त आहे. दूरशिक्षणाचे स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी दूरस्थ पाठ हा विद्यार्थ्याशी केलेला मार्गदर्शक संवाद असावा, असा विचार मांडला. त्यांना अभिप्रेत असलेली गोष्ट शास्त्रपरंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. ‘आपली प्रगती तपासा’ हा चौकटीतला प्रश्न म्हणजे पूर्वपक्षाचाच एक नम्र, गृहस्थी अवतार होय. येथे विद्यार्थी अडेल, असे रचनाकाराला वाटले. म्हणून तो स्वतः तेथे थांबला.

परंतु पूर्वपक्षाची एक मर्यादा आहे, आणि या विवेचनाचा खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. भाष्यकाराचा प्रतिपक्षी त्याच्याच शास्त्रात मुरलेला असे. त्याचे आक्षेप भाष्यकाराला आतून ठाऊक असत. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी मात्र रचनाकाराच्या जगातला असेलच असे नाही. किंबहुना तो त्या जगातला नसावा, यासाठीच मुक्त विद्यापीठ आहे. मग त्याची शंका रचनाकाराला आधी सुचणार कशी?

एक कल्पित उदाहरण घ्यावे. पाठरचनेचा अभ्यासक स्वाध्यायासाठी अंकगणिताचा एक घटक तयार करतो. विषय आहे सरळव्याज. उद्दिष्ट स्पष्ट आहे, उदाहरणे बँकेच्या ठेवीची आहेत, भाषा सोपी आहे. घटकाच्या मध्ये तो प्रश्न ठेवतो: दहा हजार रुपयांवर दोन टक्के दराने एका वर्षाचे व्याज किती? रचनाकाराच्या लेखी उत्तर दोनशे रुपये. पडद्यापलीकडे एक प्रौढ विद्यार्थिनी हा प्रश्न सोडवते. तिच्या घरात बँकेच्या ठेवीची पावती कधी आलेली नाही. व्याज हा शब्द तिने सावकाराच्या तोंडून ऐकलेला आहे, आणि सावकाराच्या बोलीत शेकडा दोन म्हणजे दरमहा शेकडा दोन. ती सहज हिशेब करते आणि दोन हजार चारशे असे उत्तर देते. पडद्यावर शब्द उमटतात: उत्तर चूक आहे, घटकाचा दुसरा भाग पुन्हा वाचा.

येथे नेमके काय घडले? गणिताच्या दृष्टीने विद्यार्थिनी चुकलेली नाही. दर वार्षिक आहे की मासिक, हे प्रश्नात सांगायचे राहून गेले. कारण रचनाकाराच्या जगात दर वार्षिकच असतो. त्याच्या अनुभवातील एक उणीव विद्यार्थिनीच्या खात्यावर चूक म्हणून जमा झाली. वर्गात हेच उत्तर आले असते, तर एखाद्या बऱ्या शिक्षकाने ‘दोन हजार चारशे कसे आले?’ एवढे विचारले असते, आणि त्या एका प्रश्नातून दर, मुदत, सावकारी आणि बँक यांच्यातील फरक साऱ्या वर्गाला उलगडला असता. ज्या घटकाचे नाव सरळव्याज होते तो त्या दिवशी अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचाही पाठ झाला असता. पडद्यापलीकडे मात्र एक विद्यार्थिनी दुसरा भाग पुन्हा वाचते आणि आपल्याला गणित जमत नाही, असा निष्कर्ष काढते. तो निष्कर्ष खोटा आहे. तो खोटा असल्याचे सांगणारे तेथे कोणी नाही.

या उदाहरणावर तांत्रिक उपाय सुचणे स्वाभाविक आहे. प्रश्नात ‘दरसाल’ हा शब्द घालावा. घटक आधी मोजक्या विद्यार्थ्यांवर तपासून पाहावा. चुकीच्या उत्तरांचे प्रकार नोंदवावेत. हे सारे उपाय योग्यच आहेत, आणि पाठरचनेच्या शिक्षणक्रमात त्यांचे शिक्षण दिलेही जाते. परंतु त्यांनी हा एक खड्डा बुजतो. रस्ता ज्या भूमीवर आखला आहे तिचे अज्ञान बुजत नाही. पुढच्या घटकात दुसरी विद्यार्थिनी दुसऱ्या कोणत्या शब्दाशी अडेल, हे कोणत्याही पूर्वचाचणीने पूर्णतः सांगता येणार नाही. म्हणून रचनाकाराची नैतिक कसोटी केवळ त्याने किती शंका आधी ओळखल्या यावर लागत नाही. न ओळखलेल्या शंकेसाठी त्याने आपल्या रचनेत कोणती जागा ठेवली, यावर ती अखेर लागते.

यावर आधुनिक मंचांचा पुरस्कर्ता असे म्हणेल की, अनुपस्थितीची ही तक्रार आता जुनी झाली. पत्राने गेलेला पाठ विद्यार्थ्याने उघडला की नाही हेदेखील पूर्वी कळत नसे. आज त्याने दृक्‌श्राव्य पाठ किती मिनिटे पाहिला, कोठे थांबवला, कोणता प्रश्न कितीदा सोडवला, याची नोंद आपोआप होते. वर्गातल्या शिक्षकालाही प्रत्येक विद्यार्थ्याविषयी इतके ठाऊक नसते. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु खूण आणि खुलासा यांत अंतर असते. अकराव्या मिनिटाला पाठ थांबला, ही खूण झाली. तो कंटाळ्याने थांबला, वीज गेल्याने थांबला, मूल रडल्याने थांबला, घरातला एकुलता मोबाइल धाकट्या भावाला द्यावा लागला म्हणून थांबला, की एखाद्या वाक्याने मन अंतर्मुख झाले म्हणून थांबला, हे ती खूण सांगत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय असल्याचे आढळले होते; ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे शाळा-महाविद्यालये बंद होऊन सारे अध्यापन पडद्यावर गेले, तेव्हा दिल्लीसारख्या राजधानीतही या आकड्यांमागची माणसे दिसू लागली. ज्यांची नोंद होत नव्हती ते शिकत नव्हते, असा अर्थ काढणे सोपे होते आणि तो अनेकदा अन्यायाचाही होता.

नोंदींच्या या विपुलतेतून आणखी एक मोह उद्भवतो, तो अवधानाविषयीचा. रॉबर्ट गॅन्ये या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अध्यापनाच्या ज्या नऊ पायऱ्या सांगितल्या, त्यांतील पहिली म्हणजे विद्यार्थ्याचे लक्ष वेधून घेणे. त्या पायरीत स्वतःहून काही गैर नाही. कोणताही शिक्षक तेथूनच सुरुवात करतो. परंतु मराठी वाचकाला येथे ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथे ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि ही मागणी अधिकाराची नसून लळ्याची आहे, हेही सुचवतात. लक्ष वेधून घेणे आणि अवधान मागणे या दोन क्रियांचे बाह्य फळ एकच दिसते. ऐकणारा ऐकू लागतो. पण पहिल्या क्रियेत श्रोता हे साध्य करावयाचे लक्ष्य असते, दुसऱ्या क्रियेत तो दाता असतो. ज्याच्याकडे मागितले जाते त्याला नकार देण्याचा अधिकार असतो, आणि त्या अधिकारानेच त्याचे देणे मोलाचे ठरते. गुण, बिल्ले, सूचनांचे घंटानाद आणि सलग हजेरीची बक्षिसे यांच्या साहाय्याने विद्यार्थ्याला पडद्याशी बांधून ठेवणारी रचना आकड्यांच्या भाषेत यशस्वी ठरेल. मात्र तिने अवधान मागितले, असे म्हणता येणार नाही. पाठरचनेच्या अभ्यासकाला ही दोन क्रियापदे वेगळी ओळखता आली, तर त्याच्या शिक्षणाचा एक मोठा भाग सार्थकी लागला असे समजावे.

एवढ्या विवेचनावरून जर कोणी असा निष्कर्ष काढील की प्रत्यक्ष वर्ग तेवढा निर्मळ आणि दूरस्थ पाठ तेवढा सदोष, तर तो निष्कर्ष घाईचा होईल. वर्गाच्या भिंतींनी जितक्यांना आत घेतले, त्याहून अधिक लोकांना शतकानुशतके बाहेर ठेवले. महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. द्रोणाने त्याला शिष्य म्हणून नाकारले. त्याने वनात द्रोणाची मातीची मूर्ती उभी केली आणि तिच्यासमोर अभ्यास करून तो राजपुत्रांहून सरस धनुर्धर झाला. भारतीय वाङ्मयातील हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध दूरस्थ विद्यार्थी. त्याच्या कथेत दूरत्वाने शिकण्याला बाधा आणली नाही. बाधा आणली ती गुरूने. न शिकवलेल्या विद्येची दक्षिणा मात्र गुरूने मागितली, आणि उजव्या हाताचा अंगठा मागितला. अनुपस्थित विद्यार्थ्याशी संस्थेचे नाते कसे नसावे, याचे याहून भेदक चित्र क्वचितच आढळेल. जी संस्था शुल्क घेते, परीक्षा घेते, उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा निवाडा करते आणि या सर्वांच्या मध्ये विद्यार्थ्याच्या एकाही शंकेला उत्तर देत नाही, ती मूर्तीच्या जागी आहे आणि द्रोणाच्याही जागी आहे.

मुक्त विद्यापीठाची मूळ प्रेरणा नेमकी याच्या उलट होती. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले पदार्थविज्ञानाचे अध्यापक राम ताकवले १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि पुढे दिल्लीला राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद या प्रेरणेचा आशय थोडक्यात सांगते: विद्यार्थ्याने विद्येकडे यावे यापेक्षा विद्येने त्याच्या दाराशी जावे. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र सुरू झाले, तेव्हा या आशयाची एक टोकाची कसोटी लागली. ज्या विद्यार्थ्याला कोणत्याही वर्गाची पायरी चढण्याची मुभाच नाही, त्याच्यापर्यंत केवळ दूरस्थ पाठच पोहोचू शकतो. त्याच्या दृष्टीने दूरत्व हे अध्यापनाचे वैगुण्य नाही. तेच त्याचे प्रवेशद्वार आहे. म्हणून ‘समोर कोणी नसताना शिकवता येते काय’ या आरंभीच्या प्रश्नाला ‘नाही’ असे सरळ उत्तर देणे म्हणजे या विद्यार्थ्याला पुन्हा एकदा दारातून परत पाठवणे होय.

तेव्हा उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते. परंतु ते सशर्त द्यावे लागते. अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील अंतर मैलांत मोजता येत नाही, अशी मांडणी केली. पाठाची रचना जितकी बंदिस्त आणि संवाद जितका कमी, तितके अंतर अधिक. या न्यायाने शेजारच्या बाकावर बसलेला विद्यार्थीही फार दूर असू शकतो आणि शेकडो मैलांवरचा जवळ येऊ शकतो. तो जवळ येतो तो कशाने? मुक्त विद्यापीठाच्या व्यवस्थेत याचे उत्तर दोन साध्या गोष्टींत आहे. एक म्हणजे अभ्यासकेंद्रावरील समंत्रक, आणि दुसरी म्हणजे शिक्षकाने तपासलेला स्वाध्याय. घटक, ध्वनिचित्रफीत आणि प्रश्नपेढी या गोष्टी सर्वांसाठी एकच असतात. स्वाध्यायाच्या समासात लिहिलेला शेरा मात्र एकाच विद्यार्थ्यासाठी असतो. ‘दोन हजार चारशे हे उत्तर आपण महिन्याच्या दराने काढले असावे, ते तसे का काढले, हे सांगाल काय?’ असे एक वाक्य कोणी समासात लिहिले, की साऱ्या व्यवस्थेतील अंतर त्या एका ओळीत तुटते. सरळव्याजाच्या त्या विद्यार्थिनीला जी वर्गात मिळाली असती ती गोष्ट तिला पत्रानेही मिळू शकते.

अडचण अशी की, नेमकी हीच गोष्ट सर्वांत महाग असते. एकदा चित्रित केलेला पाठ दहा जणांना दाखवावा किंवा दहा लाखांना, त्याचा वाढीव खर्च नगण्य. समासातला शेरा मात्र प्रत्येक विद्यार्थ्यासाठी नव्याने लिहावा लागतो. त्याला माणूस लागतो, वेळ लागतो, आणि मन लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांत ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांना पदवीच्या श्रेयांकांत २० टक्क्यांपर्यंत जागा दिली, २०२१ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. जसजशी ही जागा वाढते, तसतसा खर्चाचा हिशेब करणाऱ्याचे लक्ष प्रथम याच शेऱ्याकडे जाण्याचा संभव असतो. उत्तरे यंत्राने तपासावीत, शंकांना यंत्रानेच उत्तरे द्यावीत, असा प्रस्ताव आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. यंत्र अनेक शंकांना उत्तम उत्तर देईलही, आणि जेथे उत्तर देणारे कोणीच नव्हते तेथे त्याला नाके मुरडणे शहाणपणाचे नाही. परंतु संवादात उत्तर मिळणे एवढेच घडत नसते. विद्यार्थ्याच्या उत्तराने शिक्षकालाही काही कळलेले असते. सावकाराच्या व्याजाविषयी जे ज्याला ठाऊक नव्हते, ते त्या चुकीच्या उत्तरातून कोणालातरी कळले पाहिजे, आणि कळणाऱ्याला आपल्या अज्ञानाची थोडी लाज वाटली पाहिजे. पुढचा घटक सुधारतो तो या लाजेतून.

मराठी गद्याच्या आरंभीच्या काळातील एक घटना येथे दिशा दाखवते. चक्रधर महाराष्ट्र सोडून गेल्यानंतर त्यांच्या अनुयायांपुढे अनुपस्थित गुरूची वचने आणि आठवणी जतन करण्याचा प्रश्न उभा राहिला. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून, पडताळून त्या संकलित केल्या, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. तेथे गुरू दूर होता आणि शिष्य त्याला शब्दांत शोधत होते. पाठरचनेच्या अभ्यासकाचे काम याच्या नेमके उलट आहे. येथे विद्यार्थी दूर आहे आणि शिक्षकाने त्याला शोधावयाचे आहे. परंतु लागणारी वृत्ती एकच: जो येथे नाही त्याच्याविषयी स्वतःच्या कल्पनेवर विसंबू नये, ज्यांना तो ठाऊक आहे त्यांच्याकडे जावे, विचारावे, पडताळावे, आणि जे कळले नाही तेथे आपले मत घुसडू नये.

ही वृत्ती कोणत्या घटकातून शिकवता येईल, हे सांगणे कठीण आहे. तिच्यासाठी तपासता येण्याजोगे क्रियापद सापडणार नाही. मात्र मैदानगढीच्या त्या विद्यार्थ्यापाशी तिचे बीज आधीच आहे. त्यानेही रात्री उशिरा एखाद्या घटकाशी झुंज दिली आहे; चौकटीतल्या प्रश्नाचे आपले उत्तर शेवटच्या पानावरील उत्तराशी जुळत नाही असे पाहून, चूक आपली की पुस्तकाची, असा संभ्रम अनुभवला आहे; स्वाध्याय पाठवून परतीची वाट पाहिली आहे. तपासून आलेल्या वहीत केवळ गुणांचा आकडा असेल, तर मनाला काय वाटते, आणि आकड्याच्या शेजारी दोन ओळी असतील तर काय वाटते, हे त्याला कोणत्याही ग्रंथाहून अधिक अचूक ठाऊक आहे. उद्या तो रचनाकाराच्या खुर्चीवर बसेल, तेव्हा उद्दिष्टे, पायऱ्या आणि वर्गीकरणे त्याच्या हाताशी असतील, आणि ती असावीतच. त्यांच्यासोबत ती वाट पाहणेही त्याच्या स्मरणात राहिले, तर समोर कोणी नसताना शिकवण्याचा अधिकार त्याला पोहोचतो.